पाच मुलांचं पाळणाघर आणि पन्नास माणसांचा कायदा

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. त्या बातम्यांमध्ये पाळणाघराची एक ओळ होती: पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी. बाकी सगळी चर्चा पगार, ग्रॅच्युइटी आणि नोकरकपातीवर झाली. बेळगावात आमच्या ओळखीच्या खासबागच्या काकूंनी मात्र नेमकी तीच ओळ कुणाच्या तरी मोबाइलवर ऐकली आणि मला फोन केला. "पाळणाघराचा कायदा आलाय म्हणे. आता आमचं बंद करायला लावणार काय ग?"

काकूंच्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, रोज पाच मुलं असतात. माझी मुलगीही दीड वर्षाची असल्यापासून शाळेत जाईपर्यंत तिथेच वाढली. पाचांपैकी दोघांच्या आया उद्यमबागच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत, एकाची आई नर्स, एकीची खडेबाजारात साडीच्या दुकानात, आणि पाचवा मुलगा शेजारच्या विणकरणीचा, त्याचे पैसे काकू घेत नाहीत. दाराला पाटी नाही, पावतीपुस्तक नाही. "आम्ही काय दुकान घातलंय होय? चार पोरं बसत्यात, तेवढंच," असं त्या म्हणतात.

त्यांना मी फोनवर सांगितलं, "नाही हो काकू, तुम्हाला काही होत नाही." मग शोधत बसले तेव्हा कळलं, की माझं उत्तर अर्धंच बरोबर होतं.

आधी दोन शब्द नीट करून घेऊ

पाळणाघर म्हणजे पाळणा हलवायची खोली नव्हे. आई-बाप कामावर असताना सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला दिवसभर सांभाळायची जागा, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडच्या सरकारी कागदावर ते 'शिशुपालना केंद्र' असं कन्नडमध्ये लिहिलेलं दिसतं. बालवाडी वेगळी, अंगणवाडी वेगळी. तिथे मूल काही तास शिकायला, खेळायला, खायला जातं. पाळणाघरात मूल झोपतं, शी-शू करतं, तापानं फणफणतं, आई दिसेपर्यंत दाराकडे बघत बसतं.

दुसरा शब्द नियमन. हे काम करायला कोणत्या अटी, नाव कुठे नोंदवायचं, तपासायला कोण येणार आणि अट मोडली तर दंड काय, हे सगळं मिळून नियमन. यातली एखादीच गोष्ट असली, म्हणजे अटी आहेत पण तपासणी नाही, तर तो कागदावरचा सल्ला असतो. भारतात पाळणाघरांच्या बाबतीत सल्ला भरपूर आहे.

सरकारला कोणतं पाळणाघर दिसतं?

दोन टोकांची दिसतात. एक टोक मोठ्या कारखान्याचं. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, असा हिशोब होता. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायदा बदलला, बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं, हेही त्यातच आलं. आता ते सगळं २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलं आहे. यात एक चांगली गोष्ट अशी की मोजणी कर्मचाऱ्यांची आहे, बायकांची नाही. साठ पुरुष आणि चार बायका असलेली उद्यमबागची फाउंड्री जुन्या हिशोबातून सुटत होती, नव्यात सापडते. मूल एकट्या आईचंच असतं, हा समज कायद्याने एवढ्यापुरता तरी सोडला.

दुसरं टोक गरिबांसाठीच्या सरकारी केंद्रांचं. केंद्राची राष्ट्रीय पाळणाघर योजना २०२२ मध्ये 'पालना' या नावाने मिशन शक्तीत गेली आणि अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवायचं ठरलं. कर्नाटकाने २०२३ च्या अर्थसंकल्पात चार हजार ग्रामपंचायतींत 'कूसिन मने' काढायचं जाहीर केलं. कूसु म्हणजे तान्हं मूल आणि मने म्हणजे घर. मनरेगाच्या कामावर जाणाऱ्या बायकांची मुलं तिथे सांभाळायची आणि सांभाळणारीही गावातलीच बाई. नाव फार गोड आहे, कल्पनाही चांगली आहे.

आणि यांच्या मधे? शहापूर, वडगाव, अनगोळ, कंग्राळी, खानापूर, निपाणी, कुठेही जा, मधल्या जागी काकू, आक्का आणि आजी बसलेल्या आहेत. त्यांच्यासाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या खासगी प्लेस्कूलसाठी राष्ट्रीय बालहक्क आयोगाने मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, पण काकूंकडची निम्मी मुलं अजून चड्डीत शू करतात, ती प्लेस्कूलच्या वयात बसत नाहीत. जवळ जाणारा एक दस्तऐवज आहे: २०१८ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने काढलेली पाळणाघरांची किमान तत्त्वं. पण ती लिहिली आहेत कंपन्यांच्या पाळणाघरांसाठी.

निपाणीचं उदाहरण घेतलं की ही फट किती रुंद आहे ते कळतं. बिडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्यात पाळणाघराचं कलम होतं. पण ते लागू व्हायचं कारखान्याच्या आवारात ठरावीक संख्येने बायका कामाला असतील तर. बिडी वळली जाते घरी, सुपात पानं आणि तंबाखू घेऊन, मूल मांडीला टेकवून. एका छपराखाली बायका मोजणारा कायदा आला, तेव्हा बायका शंभर छपरांखाली बसलेल्या होत्या. त्यामुळे तंबाखूच्या धुळीत वाढणाऱ्या त्या मुलांची गणती कुठेच झाली नाही. खासबाग-वडगावच्या मागवाल्यांचं तेच. मूल आणि माग एकाच खोलीत.

मग काकूंना कायदा लागूच नाही का?

इथेच माझं फोनवरचं उत्तर अर्धं चुकलं. पाळणाघराचा कायदा लागू नाही, पण बाकीचे सगळे लागू आहेत, आणि ते बाजूच्या दाराने येतात.

आपल्याकडची वडाप, म्हणजे बिनपरवाना प्रवासी जीप, आठवा. गावोगावी चालते, सगळे बसतात, पोलिसही बसले असतील. परमिट नाही म्हणून कुणी अडवत नाही. पण जीप उलटली की पहिला प्रश्न येतो, 'परवाना होता का? विमा होता का?' तोवर कुणाला काही पडलेलं नसतं. काकूंचं पाळणाघर ही मुलांची वडाप आहे. चालतंय तोवर चालतंय.

बाल न्याय कायदा २०१५ चं ७५ वं कलम असं सांगतं, की ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मारहाण केली, टाकून दिलं किंवा जाणूनबुजून हेळसांड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. मूल सांभाळणाऱ्या संस्थेतल्या माणसाने केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. मुलाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचं कळूनही पोलिसांना न सांगणं, हा पोक्सो कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं १०६ वं कलम आहेच. पैसे घेऊन सेवा दिली म्हणजे ग्राहक कायदाही आला. यातल्या एकाही कलमाला पाळणाघर नोंदलेलं असण्याची गरज नाही. जबाबदारी पूर्ण, ओळख शून्य, असा हा सौदा आहे.

कोर्टकचेरी क्वचित येते. रोज येते ती वीज. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंतची वीज मोफत मिळते, पण घरगुती कनेक्शनलाच. घरात व्यवसाय चालतो म्हणून उद्या मीटर व्यापारी वर्गात गेलं, तर मोफत वीज जाते आणि वर दरही चढतो. पाच मुलांसाठी दुपारी फिरणारे दोन पंखे काकूंना घाबरवतात ते यामुळे. गंमत बघा, याच गल्लीत यंत्रमागाला सवलतीची वीज मिळते, कारण माग हा उद्योग म्हणून सरकारच्या वहीत आहे. साडी विणली तर उद्योग, मूल सांभाळलं तर... त्याला अजून शब्दच ठरलेला नाही.

घर भाड्याचं असेल तर घरमालक आला. अपार्टमेंटमध्ये सोसायटीच्या सभेत 'रडण्याचा आवाज येतो' अशी तक्रार आली. घरपट्टीत निवासी आणि व्यापारी असे दर वेगळे. यातला प्रत्येक नियम दुसऱ्याच कुणासाठी केलेला आहे, दुकानासाठी, गिरणीसाठी, लॉजसाठी. तो येऊन काकूंवर पडतो.

नियम केले तर काय बिघडतं?

इथे थोडं गणित करावं लागेल, कारण या विषयाचा सगळा जीव त्या गणितात आहे.

नियमांचे खर्च दोन जातींचे असतात. एक मुलामागे वाढणारा: मुलं जास्त तर जागा जास्त, बायका जास्त. दुसरा एकठोक: मुलं पाच असोत की पन्नास, तेवढाच. आग विझवायचं नळकांडं, जिन्याला फाटक, कॅमेरा, नोंदणीची फी, एजंटाचे पैसे, कचेरीत घातलेले दिवस. लग्नातल्या मांडवासारखं आहे हे. जेवणाचा खर्च पाहुण्यांवर, मांडवाचा खर्च ठरलेला. शंभर पाहुण्यांत मांडव परवडतो, दहांत अंगावर येतो.

समजा हा एकठोक खर्च वर्षाला ३०,००० रुपये आला. चाळीस मुलांच्या एसी पाळणाघरात तो मुलामागे वर्षाला ७५० रुपये पडतो, महिन्याला साठ-बासष्ट. तिथली फी भरणाऱ्या आईला ते कळतही नाही. काकूंकडे पाच मुलांत तोच खर्च मुलामागे ६,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५००. काकू समजा अडीच हजार घेत असतील, तर ते थेट तीन हजार झाले. पॅकिंगला जाणाऱ्या बाईच्या हातात पगारातून काय उरतं ते धरा, म्हणजे हे पाचशे कुठे दुखतात ते कळेल.

मजा अशी, की ज्या अटींची सगळ्यांना भीती वाटते त्या काकूंना अजिबात अवघड नाहीत. २०१८ च्या तत्त्वांमध्ये मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा आहे. पाच मुलांना ६० चौरस फूट, म्हणजे सहा बाय दहाचा सोपा. तो आहे. तळमजला हवा म्हणतात, तोही आहे. केंद्राच्या २०१३ च्या बालशिक्षण धोरणात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस धरलं आहे, त्याहून वरच्या वयात वीस मुलांमागे एक. काकूंकडे पाचांमागे एक आणि दुपारनंतर सूनही. (ज्याने कुणी दहाचा आकडा ठरवला, त्याने एकदा दहा तान्ह्यांना एकट्याने दुपारी झोपवून दाखवावं.) म्हणजे मुलाच्या अंगाला लागणाऱ्या अटींत काकू पास होतात. नापास होतात त्या शिक्षणाच्या दाखल्यात, फॉर्ममध्ये, फेऱ्यांमध्ये. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत सेविकेला बारावी आणि मदतनीसाला दहावीची अट होती. काकूंची शाळा सातवीत सुटली. चार मुलं वाढवली, त्यातली दोन स्वतःची, दोन दिराची, त्याचा दाखला कोण देणार?

नियमांनी पाळणाघरं बंद पडतात, हे खरं की नुसती ओरड?

काही अंशी खरं आहे, आणि त्याचे पुरावे बाहेरच्या देशांत आहेत, कारण तिथे नियम येऊन बराच काळ लोटला. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे पाळणाघराचे नियम वेगळे असल्यामुळे तुलना करता येते. दोन अर्थतज्ज्ञांनी तशी तुलना करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडला, की नियम कडक झाले तिथे पाळणाघर केंद्रांची संख्या घटली, आणि ती मुख्यतः कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमध्ये. चांगल्या उत्पन्नाच्या वस्त्यांमध्ये मात्र दर्जा सुधारला. आणि केंद्रांनी गमावलेला धंदा काही प्रमाणात घरगुती पाळणाघरांकडे वळला. साध्या भाषेत, टिळकवाडीला फायदा आणि झोपडपट्टीला तोटा, असं तिथे झालं.

इंग्लंडची गोष्ट आपल्या काकूंच्या जास्त जवळची आहे. तिथे स्वतःच्या घरात, पैसे घेऊन, दिवसाला दोन तासांहून जास्त मुलं सांभाळायची तर नोंदणी करावी लागते. अशा बाईला चाइल्डमाइंडर म्हणतात. आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं, त्यांत पाच वर्षांखालची तीन आणि एक वर्षाखालचं सर्वसाधारणपणे एकच. अट स्वच्छ, लक्षात राहणारी. २००१ पासून शाळा तपासणाऱ्या खात्याकडेच यांची तपासणी गेली. मग हळूहळू मुलाच्या प्रगतीच्या नोंदी, आराखडे, कागद वाढत गेले. गेल्या दहा-बारा वर्षांत या बायकांची संख्या निम्म्याहून खाली आली. कागद हे त्याचं एकमेव कारण नाही, मिळकत कमी आणि महागाई जास्त हेही आहे. पण स्वयंपाकघरात उभं राहून मूल सांभाळणाऱ्या बाईला शाळेच्या मुख्याध्यापकाचं दप्तर दिलं, तर ती एक दिवस दप्तर ठेवून देते.

आणि पाळणाघर बंद झालं म्हणून मूल गायब होत नाही. ते कुठेतरी जातं. आपल्याकडे कुठे जातं ते सगळ्यांना माहीत आहे: मोठ्या बहिणीच्या कडेवर. ती मग आठवीत शाळा सोडते.

म्हणजे नियम नकोतच?

असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, विशेषतः ज्यांची मुलं मोठी झालीत ते. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. दार, जिना, छप्पर आणि चूल यांच्या जागा कुणी एकदा येऊन बघितल्या असत्या, तर? नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आपटल्याचं, मारल्याचं कॅमेऱ्यात दिसलं. कॅमेरा होता म्हणून दिसलं. ते पाळणाघर घरगुती गल्लीतलं नव्हतं, चांगल्या सोसायट्यांच्या वस्तीतलं होतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

बाजार इथे आपोआप शिस्त लावत नाही, त्याला कारण आहे. गवळ्याने दुधात पाणी घातलं तर संध्याकाळी चहात कळतं, उद्या गवळी बदलता येतो. पाळणाघरात दुपारी दोन वाजता काय झालं ते सांगायला एकच साक्षीदार असतो आणि त्याला अजून बोलता येत नाही. आईला दिसते फक्त सकाळची आणि संध्याकाळची काकू. म्हणून मग आई फी बघते, भिंतीवरचं मिकी माउसचं चित्र बघते, शेजारणीला विचारते. जी बाई खरंच जीव लावते ती आणि जी मुलांना टीव्हीसमोर बसवून ठेवते ती, दोघींचा भाव एकच राहतो. चांगल्या बाईला जास्त मागता येत नाही. नोंदणी आणि अधूनमधून होणारी तपासणी याचा खरा फायदा चांगल्या काकूलाच होतो, हे काकूंना पटवणं हेच सगळ्यात अवघड काम आहे.

माझं मत विचाराल तर मधला रस्ता असा: सहा मुलांपर्यंत सांभाळणाऱ्या बाईला नुसती नोंद, फुकट, एका पानाची, आपल्या वॉर्डात किंवा पंचायतीत. अटी चारच, आणि त्या जिवाशी संबंधित: चूल आणि पाण्याची टाकी मुलांच्या वाटेत नको, मुलांची संख्या ठरलेली, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची पोलिस पडताळणी, आणि आई-बापाला कधीही न सांगता आत यायची मुभा. शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिला पैसे लागत नाहीत. ही नोंद असेल तर मीटर घरगुतीच राहील, एवढं सरकारने लिहून द्यावं. मुलं जास्त झाली की अटी वाढू देत. घरगुती खानावळ आणि हॉटेल यांना आपण एकाच मापाने मोजत नाही, तसंच हे.

अंगणवाडी आहे की दारात, मग काकू कशाला?

अंगणवाडी १९७५ पासून आहे आणि तिने जे केलं ते मोठंच आहे. पण तिथला वर्ग तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा. तीन वर्षांखालच्या मुलाला घरी न्यायचा आहार, वजन आणि लस मिळते, दिवसभराची जागा सहसा नाही. 'पालना'त अंगणवाडीला जोडून देशभरात सतरा हजार पाळणाघरांचं उद्दिष्ट धरलं आहे. देश केवढा, आकडा केवढा! आणि सेविकेच्या अंगावर आधीच पोषण ट्रॅकरपासून निवडणुकीच्या यादीपर्यंत सगळं आहे. कारखान्याची शिफ्ट संध्याकाळी सुटते आणि बस चुकली की आई अंधार पडल्यावर येते. काकू तोवर मुलाला दूधभात भरवून ठेवतात. सरकारी केंद्राला हे जमणार नाही, आणि जमावं अशी अपेक्षाही चुकीची आहे.

नोंद केली तर गृहलक्ष्मीचे दोन हजार बंद होतील का?

काकूंनी दुसऱ्या फोनला पहिला प्रश्न हाच विचारला. गृहलक्ष्मी योजनेत घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला २,००० रुपये मिळतात. ती बाई किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल किंवा जीएसटीचं विवरण भरत असेल तर मिळत नाहीत. पाच मुलांच्या मिळकतीवर आयकर येत नाही. सेवा देणाऱ्याला जीएसटीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला वीस लाख आहे, काकूंना ते दोन जन्मांतही जमणार नाही. ई-श्रम कार्ड काढलं किंवा उद्यम नोंदणी केली म्हणजे जीएसटी सुरू झाला असं होत नाही, आणि दोन्ही फुकट आहेत. कुणी या नोंदणीचे हजार-दोन हजार मागत असेल तर तो एजंट स्वतःचं पोट भरतोय.

पण भीती का आहे तेही समजून घ्या. मी स्वतः एका कचेरीत घरगुती पाळणाघराची चौकशी करायला गेले होते. तीन खिडक्या झाल्या. पहिल्याने शिक्षण खात्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने बालविकासाकडे, तिसऱ्याने मला विचारलं, "तुमचा पत्ता काय?" त्या प्रश्नानंतर मी बाहेर आले. विचारायला गेलेल्या माणसाचाच पत्ता आधी लिहून घेतला जात असेल, तर कुणी विचारायला जाईल का?

आणि कागद कन्नडमध्ये

सीमाभागात हा प्रश्न आल्याशिवाय कुठलाच लेख पुरा होत नाही. अर्ज, सूचना, परिपत्रकं कन्नडमध्ये येतात. मराठीतून वाढलेल्या बाईला ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागतात आणि वाचून देणारा पैसे घेतो. म्हणजे मघाचा एकठोक खर्च इथे आणखी वाढला. पाटीचंही तेच. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात व्यवसायाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड, तेही वरच्या भागात, अशी सक्ती आहे. पाळणाघराची पाटी लावावी तर आधी पेंटर शोधा, मग मजकूर तपासून घ्या. काकूंनी पाटीच लावली नाही, त्याला हे एक कारण आहे. बाळाशी मात्र त्या दोन्ही भाषांत बोलतात. नर्सबाईचा मुलगा कन्नड घरातला आहे, तो भूक लागली की मराठीत रडतो, असं त्या सांगतात.

सीमेचा आणखी एक पेच आहे. शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे महाराष्ट्रात, आपल्या बाजूच्या गावांतल्या बायका कामाला जातात. संहिता दोन्हीकडे एकच, कारण ती केंद्राची. पण बहुतेक खासगी कारखान्यांसाठी तिचे नियम करणारं राज्य वेगळं. आई महाराष्ट्राच्या नियमांत, मूल कर्नाटकाच्या. काकूंना यातलं कुठलं लागू, ते विचारायला कुठल्या बाजूला जायचं?

मग त्या बातमीचा काकूंशी काहीच संबंध नाही?

आहे, आणि तो भीतीचा नाही. सामाजिक सुरक्षा संहितेच्या ६७ व्या कलमात मालकाला स्वतःचंच पाळणाघर बांधावं लागत नाही. पालिकेचं, सरकारचं, स्वयंसेवी संस्थेचं किंवा खासगी पाळणाघर त्याला सामायिक म्हणून वापरता येतं, किंवा चार-पाच कारखान्यांनी मिळून एक काढता येतं. उद्यमबाग आणि मच्छेच्या मालकांना मशीनच्या शेजारी पाळणा बांधण्यापेक्षा हे केव्हाही परवडेल. २०१८ च्या तत्त्वांत पाळणाघर कामाच्या जागी किंवा पाचशे मीटरच्या आत धरलं होतं. मच्छे गावातल्या, अनगोळच्या कडेच्या दोन-तीन काकूंनी मिळून जागा केली, तर फी आईच्या पगारातून न येता मालकाकडून येऊ शकते. पण मालकाला फाइलला लावायला कागद हवा. पाटी नसलेल्या, वहीत नसलेल्या बाईशी तो करार करणार नाही. तो मग शहरातल्या एखाद्या साखळी पाळणाघराला बोलावेल. न नोंदलं जाण्याची किंमत आजवर मोजली गेली नव्हती, ती आता दिसू लागेल.

हे सगळं सांगायला मी परवा दुपारी खासबागला गेले. मुलं झोपली होती, माग बंद होता. काकूंनी निम्मं ऐकलं. पोलिस पडताळणीला त्यांची ना नव्हती, "सुनेचं पण करून घे," म्हणाल्या. एक वही घातली आहे, त्यात मुलांचे रक्तगट, आयांचे फोन आणि कुणाला कसलं औषध चालत नाही ते लिहून ठेवायचं ठरलं. गॅसचा सिलिंडर मागच्या दारी जाणार. आणि मीटरचं हेस्कॉममध्ये, म्हणजे वीज कंपनीत, जाऊन विचारू या म्हटलं, तेव्हा त्या जरा थांबल्या.

"ते तूच विचारून ये बघ. माझं नाव तेवढं सांगू नकोस."